वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन बसलं: खोलण्याआधी काय करायचं

राजापूरच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांची डिझेल गाडी सव्वादोन वर्षांची, ४१ हजार किलोमीटर चाललेली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. जुलैमधल्या पावसात लांज्याहून घरी येताना वाकेड घाटात इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, तेलाचा लाल दिवा लागला आणि दोन-तीन किलोमीटरवर गाडी बंद पडली. क्रेनने रत्नागिरीला डीलरकडे नेली. तिथे पहिल्या दिवशी सांगितलं की पाणी शिरलंय. तिसऱ्या दिवशी म्हणाले तेल कमी होतं, शिवाय तुमची २० हजारांची सर्व्हिस १,८०० किलोमीटर उशिरा झाली होती, त्यामुळे वॉरंटीत बसणार नाही. इस्टिमेट ३ लाख ४० हजार. इंजिन खोलायचं तर २५ हजार भरा आणि या कागदावर सही करा. ताई विचारतात, सही करावी का, की गाडी उचलून गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्यावी? आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "४० हजारांची सर्व्हिस त्याच वर्कशॉपमध्ये जूनमध्ये झाली, त्यानंतर गाडी जेमतेम ९०० किलोमीटर चालली."

ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नातली सर्वांत वजनदार ओळ हीच शेवटची. तिच्याकडे येतो, पण आधी घाईचं सांगतो.

गाडी गावातल्या मेकॅनिककडे नेऊ नका. तो कितीही चांगला असो, माझ्यापेक्षा चांगला असो, तरी नको. वॉरंटीतलं इंजिन बाहेर खोललं की त्या घटकेला तुमचा पुरावा संपला. मग आत काय सापडलं हे कोणी मानायला तयार होत नाही. त्याच मेकॅनिकला मात्र सोबत घेऊन जा. इंजिन खोलताना शेजारी उभं राहून बघायला त्याच्यासारखा माणूस हवाच.

आणि त्या कागदावर आहे तशी सही करू नका. मी अधिकृत वर्कशॉपांमध्ये सव्वीस वर्षं काढली, शेवटची अकरा वर्षं वॉरंटीचे दावे मीच बघत होतो, आणि असे कागद मीही लोकांपुढे ठेवलेले आहेत. त्यात बारीक अक्षरात बहुतेक तीन गोष्टी असतात: वॉरंटी नाकारली गेली तर खोलण्या-जोडण्याची मजुरी तुमची, गाडी न्यायला उशीर केला तर पार्किंगचं भाडं तुमचं, आणि दुरुस्तीला तुमची संमती आहे. पहिलं मान्य करावं लागेल, कारण खोलल्याशिवाय कारण कळत नाही. तिसरं मान्य करू नका. कागदावरच पेनाने लिहा: "वॉरंटी दाव्याच्या तपासणीसाठी इंजिन खोलण्यास संमती. दुरुस्तीस संमती नाही. खोलताना मालक व त्यांचा माणूस हजर राहील. काढलेले सर्व भाग, तेल व फिल्टर लेखी परवानगीशिवाय टाकू नयेत. तपासणीचं कारण लेखी द्यावं." खाली सही, तारीख, आणि कागदाचा फोटो. कोणी म्हणालं की आमच्या फॉर्मवर असं लिहिता येत नाही, तर हाच मजकूर तिथे उभ्या उभ्या मेल करा आणि त्या मेलचा हवाला देऊन सही करा.

इंजिन एकदा खोललं की ते जसं होतं तसं पुन्हा कधीच बघता येत नाही. म्हणून पाना लावायच्या आधीचा अर्धा तास हातचा घालवू नका. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काठी, काढून, पुसून, पुन्हा बुडवून तेल कुठवर आहे त्याचा फोटो घ्या. गाडी सपाट जागी हवी. कूलंटच्या बाटलीचा फोटो. एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा, आतला कागद आणि डब्याचा तळ दोन्हींचे फोटो. मीटरचं रीडिंग. स्कॅनर लावून कोड काढायला सांगा आणि त्याची छापील प्रत मागा. नुसते कोड नकोत. बरेचसे कोड नोंदले जाताना इंजिनचे आकडे, म्हणजे वेग, फेरे, तापमान, संगणकात साठतात, ती पानंही हवीत. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून व्हिडिओ करा: चेंबरचा (इंजिनच्या तळाला तेल साठतं तो डबा) ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, ऑइल फिल्टर, चेंबरला दगडाचा मार आहे का, आणि तेलाचा ओला पट्टा मागच्या बाजूला गेलाय का. चालत्या गाडीतून तेल गळलं असेल तर वाऱ्याने ते मागे फेकलं जातं आणि धुळीबरोबर चिकटून बसतं. घाटातल्या पावसाने थोडं धुतलं गेलं असेल, पण सगळं जात नाही. घरीही बघा. गाडी उभी राहते तिथे अंगणातल्या जांभ्यावर तेलाचा ताजा डाग असेल तर त्याचा आजच फोटो काढा, पाऊस त्याला फार दिवस ठेवणार नाही.

तेल काढतील तेव्हा ते मापात काढायला लावा. किती लिटर निघालं ते जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्यातलं पाव लिटर स्वच्छ बाटलीत भरून, सील करून, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या करून तुमच्याकडे ठेवा.

आता "पाणी शिरलं" याबद्दल. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर बुडालेल्या गाड्या आमच्याकडे किती आल्या याला सुमार नव्हता. तेव्हापासून पाणी शिरलेलं इंजिन कसं असतं हे मला कोणी सांगायला नको. एअर फिल्टरचा कागद सुकला तरी त्यावर पाण्याची रेघ राहते. डब्याच्या कोपऱ्यात गाळ बसतो. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या तळाशी मातकट पाणी सापडतं. आणि मुख्य म्हणजे अशी गाडी आवाज करत करत बंद पडत नाही, ती पाण्यातच खाडकन थांबते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी आलं की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला खालच्या क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

तुमच्या बाबांची गाडी घाट चढताना आवाज करू लागली, मग तेलाचा दिवा लागला, मग बंद पडली. हा क्रम पाण्याचा नाही, बेअरिंगचा आहे. क्रँक आणि रॉड यांच्यामध्ये पातळ बेअरिंग असतं आणि त्यात क्रँक तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. तेलाचा दाब गेला की धातूला धातू घासतो, बेअरिंग झिजतं, मोकळं होतं, टकटक सुरू होते. शेवटी ते जागेवरून फिरतं किंवा क्रँकला चिकटतं. खोलल्यावर क्रँकचा तो भाग निळा-काळा पडलेला दिसेल, तेलात चमकणारी चुरी असेल, चेंबरच्या तळाशी बेअरिंगचे पापुद्रे.

पण इथे एक खाच आहे आणि डीलरचा इंजिनिअर हुशार असेल तर तो तिथेच बोट ठेवेल. पाण्यात थोडासा वाकलेला रॉड लगेच तुटतोच असं नाही. गाडी पुन्हा सुरू होते, आठवडे-महिने चालते आणि मग एके दिवशी रॉड तुटून ब्लॉक फोडतो. म्हणून बाबांना नीट आठवून विचारा की यंदाच्या किंवा गेल्या पावसात गाडी कुठे साचलेल्या पाण्यातून काढली होती का. राजापुरात अर्जुनेचं पाणी बाजारात येतं तेव्हा कुणीही अडकू शकतो. तसं झालं असेल तर ते लपवू नका. नसेल झालं, तर खोलल्यावर सगळे रॉड काढून सपाट पाटावर ठेवून तपासायला सांगा. वाकलेला रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्वीइतका वर जात नाही, त्यामुळे लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या कडेला काजळीचा पट्टा इतर सिलिंडरपेक्षा रुंद दिसतो. चारही सिलिंडरचे फोटो एकाच अंतरावरून काढा. पट्टे सारखे असतील आणि रॉड सरळ असतील तर पाण्याचा विषय तिथेच मिटला, आणि तो मिटला हे लिहून घ्या.

एक सावधगिरी. "पाणी शिरलं" या शब्दावर विसंबून कोणी सुचवेल की मग इन्शुरन्समधून करून घेऊ. पाणी खरंच शिरलं असेल तर तोच रस्ता आहे, आणि त्यातही साध्या पॉलिसीत पाण्यामुळे झालेलं इंजिनचं आतलं नुकसान सहसा देत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. पण पाणी शिरलं नसताना तसा दावा टाकलात तर ते खोटं होईल, आणि कंपनी तोच कागद दाखवून वॉरंटीची फाइल बंद करेल. एकाच इंजिनाच्या दोन गोष्टी दोन ठिकाणी सांगता येत नाहीत.

आता ती ९०० किलोमीटरची ओळ. वर्कशॉप म्हणतं तेल कमी होतं. ठीक आहे, मानू या. पण जूनमध्ये त्यांनीच तेल बदललं. धडधाकट इंजिन ९०० किलोमीटरमध्ये तेल संपवत नाही. मग ते गेलं कुठे? उत्तरं मोजकीच आहेत. एक, भरलंच कमी. जूनचं बिल काढा, तेल किती लिटर लावलंय ते बघा, आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात फिल्टरसह किती लागतं ते बघा. दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धा वाद मिटतो. बिलावर तेलाचा ग्रेडही असतो, तोही पुस्तकाशी ताडून बघा, कारण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या इंजिनाला वेगळ्या जातीचं तेल लागतं. दोन, ड्रेन प्लग नीट आवळला नाही किंवा त्याचा वॉशर जुनाच ठेवला. तीन, जुन्या ऑइल फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा फिल्टर लावला. दोन रबरं एकमेकांवर बसली की काही दिवस तग धरतात आणि मग दाब वाढला की एकदम तेल फेकतात. घाट चढताना. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चार, चेंबरला खालून दगड लागला. महामार्गाच्या कामात ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत, तिथे हे सहज होतं, आणि ते मात्र वॉरंटीत येत नाही. ते इन्शुरन्सचं काम, आणि तिथेही तेल गेल्यावर गाडी पुढे चालवल्याचा प्रश्न येतोच. पाच, इंजिनच तेल खात होतं, म्हणजे टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. मग धूर निळसर यायला हवा होता, आणि सव्वादोन वर्षांत असं झालं तर तो दोष कंपनीचा.

बघा, पाचांतली चार कारणं तुमच्याकडे बोट दाखवत नाहीत.

आणि डिपस्टिकवर तेल पुरेसं निघालं तर? मग "तेल कमी होतं" हे वाक्यच पडतं. तेल असून दाब गेला याचा अर्थ ऑइल पंप, त्याचा व्हॉल्व्ह, किंवा चेंबरमधली तेल खेचणारी जाळी तुंबलेली. तेल खुणेच्या वर निघालं, पातळ वाटलं आणि डिझेलचा वास आला तर तेही सांगा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडतात. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर ते जाळण्याचं काम पुरं होत नाही आणि डिझेल तेलात उतरतं. तेल वाढलेलं दिसतं पण त्यातला दम गेलेला असतो. यात दोष कोणाचा यावर वाद होतो. पण जूनमध्ये तेल बदलल्यावर ९०० किलोमीटरमध्ये इतकं डिझेल उतरलं असेल तर डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासायला सांगा.

जाळीबद्दल एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या मनातून गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी हर्णैच्या एका मासळी व्यापाऱ्याची गाडी आमच्याकडे आली, अशीच बेअरिंग गेलेली. मी तेलाची काठी बघितली, खुणेच्या खाली होती, आणि दावा न पाठवताच त्यांना सांगितलं की तुमची हयगय आहे. त्यांनी वाद घातला नाही, गुमान पैसे भरले. इंजिन जोडायला घेतलं तेव्हा आमच्या पोराने तेलाची जाळी माझ्यासमोर ठेवली. तिच्यात करड्या सिलिकॉनच्या शेवया अडकल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी चेंबरला दगड लागला म्हणून आम्हीच चेंबर काढून बसवला होता, आणि बसवणाऱ्याने सिलिकॉन दुप्पट लावलं होतं. आत पिळलं गेलेलं सुटलं आणि जाळीवर जाऊन बसलं. तेल थोडं कमी होतं हे खरं, पण इंजिन मेलं ते आमच्या हातामुळे. मी मालकांकडे जाऊन सांगितलं, बराच वाद झाला, शेवटी त्या माणसाचे पैसे परत केले. पण जाळी जोडणीच्या टेबलावर आली नसती तर ते पैसे गेलेच होते. म्हणून तुम्हाला सांगतो, चेंबर उघडला की सर्वांत आधी जाळी बघा, फोटो काढा, आणि ती धुवायला कोणाला देऊ नका.

"सर्व्हिस उशिरा झाली" या मुद्द्याला घाबरू नका. वेळेवर सर्व्हिस ही वॉरंटीची अट असते, ते मान्य. पण उशीर झाला म्हणून कुठलाही बिघाड तुमच्या माथी मारता येत नाही, उशिरामुळेच हे इंजिन गेलं असं दाखवावं लागेल. आणि ते दिसण्यासारखं असतं. तेल मुदतीपेक्षा जास्त चालवलं की इंजिनचं वरचं कव्हर काढल्यावर आत काळा चिकट गाळ दिसतो. आत कॅम आणि साखळी मधासारख्या रंगाची स्वच्छ असतील तर २१,८०० किलोमीटरला झालेल्या सर्व्हिसचा ४१ हजारांवर गेलेल्या बेअरिंगशी काही संबंध नाही. कव्हर उघडताना हजर राहा आणि तो फोटो पहिला घ्या.

तुमच्या बाजूची कच्ची गोष्टही सांगतो. लाल दिवा लागल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर चालली. तो दिवा तेलाच्या दाबाचा असतो. तो लागला की तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं असतं. कंपनी हे धरेल, आणि संगणकात त्याची नोंद असू शकते. खोटं बोलू नका. बाबांनी जे झालं तेच सांगावं: घाट होता, पाऊस होता, मागून ट्रक होते, थांबायला जागा नव्हती. पुढे चालवल्याने नुकसान वाढलं असेल, पण दाब गेला कशामुळे हा प्रश्न तरीही उरतोच, आणि तुमचा दावा त्या प्रश्नावर उभा आहे. आवाज आधी की दिवा आधी, हे फार महत्त्वाचं. आवाज आधी असेल तर बेअरिंग दिव्याच्या आधीच जायला लागलं होतं.

आता डीलरकडची माणसं. तुमच्याशी बोलणारा सर्व्हिस ॲडव्हायझर निर्णय घेत नाही. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते, आणि नंतर तपासणीत तो दावा कंपनीला पटला नाही तर ते पैसे डीलरकडून वळते करून घेते. त्यामुळे मोठा दावा म्हटलं की वर्क्स मॅनेजर आधीच हात आखडता घेतो आणि ग्राहकाला तोंडी "बसत नाही" सांगून मोकळा होतो. कित्येकदा कंपनीकडे दावा गेलेलाच नसतो. म्हणून एकच प्रश्न विचारा: "दावा कंपनीकडे नोंदवला का? नंबर द्या." नसेल तर नोंदवायला सांगा. कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करून तुमचा तक्रार क्रमांक वेगळा घ्या आणि कंपनीच्या विभागीय इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन बघावं अशी मागणी करा. कोकणात हा माणूस बहुधा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून येतो आणि आठवड्यातून एखाद दिवसच येतो, तेव्हा तो यायच्या दिवशीच इंजिन खोलावं असं ठरवून घ्या. तुमच्यासमोर, त्याच्यासमोर, एकदाच. ॲडव्हायझरवर आवाज चढवू नका. तो तुमच्याच तालुक्यातला पंचवीस वर्षांचा पोरगा असणार, आणि उद्या खरं काय सापडलं ते तुम्हाला फोन करून सांगणाराही तोच असेल. तोंडी बोलणं झालं की संध्याकाळी त्याच बोलण्याचा चार ओळींचा मेल टाकायचा. "आज आपण सांगितलंत की..." एवढंच.

नकार आलाच तर तो कारणासह लेखी मागा. पहिल्या दिवशी पाणी, तिसऱ्या दिवशी तेल, ही दोन वेगळी कारणं त्यांनी दिली आहेत, ती तारखांसह तुमच्या मेलमध्ये आलेली असू द्या.

इंजिन खोलून पडलं असेल आणि निर्णयाला आठवडे लागणार असतील, तर आणखी एक गोष्ट या किनाऱ्यावर बघावी लागते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या सिलिंडरला चार दिवसांत गंज चढतो. मग नंतर येणारा म्हणतो, हा गंज म्हणजे पाणी शिरल्याची खूण. खोलल्यावर लायनरला तेल लावून, वरून प्लास्टिक बांधून ठेवायला सांगा आणि तसं केल्याचा फोटो घ्या. बॅटरी सोडवून ठेवा. यार्डातल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तो खर्च वॉरंटीत कोणी धरत नाही.

बहुधा मधला प्रस्ताव येईल. वॉरंटी नाही, पण गुडविल म्हणून पार्ट कंपनीचे, मजुरी तुमची, किंवा निम्मे-निम्मे. खोलल्यावर काय निघालं त्यावर ठरवा. जाळी तुंबलेली, फिल्टरवर दोन रबरं, बिलात तेल कमी, असं काही सापडलं असेल तर एक रुपयाही देऊ नका. काहीच ठाम सापडलं नाही आणि लाल दिव्यावर गाडी चालवल्याचा मुद्दा घट्ट बसला, तर फक्त मजुरी देऊन नवं इंजिन मिळत असेल तर मी माझ्या बहिणीला ते घ्यायला सांगेन. त्यासाठी "माझी आता कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतील. ती सही गाडी ताब्यात घेऊन, रत्नागिरी-हातखंबा चकरा मारून झाल्यावरच करा. नव्या गाडीची मागणी मात्र करत बसू नका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे की वॉरंटीचा करार सदोष भाग बदलून देण्याचा असेल तर आख्खी गाडी बदलून मागता येत नाही. मागणी इंजिनाची ठेवा, ती टिकते.

काय बसवणार ते नेमकं लिहून घ्या. क्रँकला पॉलिश मारून जाडं बेअरिंग टाकणं, हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा भाग) बदलणं आणि पूर्ण इंजिन बदलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रँक निळा पडला असेल तर पहिला प्रकार नाकारा. धातूची चुरी तेलाबरोबर टर्बोत आणि ऑइल कूलरमध्येही गेलेली असते, ते दोन्ही बदलणार की नुसते धुणार हे विचारा. धुतलेल्या कूलरमधून चुरी पुन्हा नव्या बेअरिंगमध्ये आलेली मी पाहिली आहे. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो. तेव्हा डीलरचं पत्र आणि नव्या इंजिनाचं बिल घेऊन रत्नागिरी आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवून घ्या, इन्शुरन्स कंपनीला कळवा, कर्ज असेल तर बँकेलाही. हे राहिलं तर गाडी विकताना किंवा अपघाताच्या दाव्यात फार त्रास होतो. बदललेल्या भागाची वॉरंटी बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटीबरोबरच संपते, म्हणजे तुमच्या हाती जेमतेम नऊ महिने. वाढीव वॉरंटी त्याआधी घेऊन ठेवा.

सगळं करूनही नकारच आला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथे उत्तर देतात. त्यानेही नाही झालं तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. फी ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. भागाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणूनच ते पाव लिटर तेल, ती जाळी आणि ती बेअरिंगं जपून ठेवायची. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो हे धरून चला. तोवर शाळेत जायला लागलेली एसटीची तिकिटं, भाड्याच्या गाडीच्या पावत्या, क्रेनचं बिल एका पाकिटात ठेवा, ती भरपाईत मागता येतात.

उद्या रत्नागिरीला जाताना बाबांना सोबत न्या. आणि जायच्या आधी, आज रात्रीच, त्यांना शांतपणे बसवून त्या दिवसाचं सगळं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या: लांज्याहून किती वाजता निघाले, पहिला आवाज कुठे आला, आवाज आधी की दिवा आधी, गाडी स्वतः बंद पडली की त्यांनी केली, आणि बंद पडल्यावर पुन्हा किती वेळा स्टार्टर मारला. खाली त्यांची सही घ्या. जूनचं बिल आणि गाडीचं पुस्तकही पिशवीत टाका.